डिस्क काढलेल्या कॉम्प्युटरमधला आवाज

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. आमच्या कामात 'कारणच नाही' असं काही नसतं. सापडलं नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढंच. भूतबीत कोणी सांगायला लागलं की मी चक्क हसायचो. तरीही हे लिहायला इतकी वर्षं घेतली... भीती वाटते म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून.

विंडोज एक्सपीचे दिवस. शनिवार पेठेत एका झेरॉक्सवाल्याशेजारी माझं टेबलाएवढं दुकान होतं. मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर मुजावर सर राहायचे, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांच्या पत्नी सलमाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. त्यासाठीचा पीसी मीच असेंबल करून दिला होता. नववीचा भूगोल निम्मा झाला आणि बाई अचानक गेल्या.

काही महिन्यांनी सर दुकानात आले. "सुहास, मशीन फार रडतंय. काय बदलायचं ते बदल. पण हिचं रेकॉर्डिंग तेवढं जप. उरलेलं पुस्तक दुसऱ्या एक बाई वाचणार आहेत, त्यांना द्यायचंय."

"सर, काळजीच नको."

रॅम वाढवली, पॉवर सप्लाय नवा टाकला, मोठी हार्ड डिस्क आणली. आता जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. रोजचं काम. म्हणूनच बॅकअप घेतला नाही. मोबाइलवर बोलता बोलता मी उलटं निवडलं... कोऱ्या डिस्कची कॉपी भरलेल्या डिस्कवर. लक्षात आलं तेव्हा दोन्ही डिस्क कोऱ्या होत्या.

नव्या डिस्कवर विंडोज टाकलं, दुकानात मशीन तीनदा सुरू करून पाहिलं आणि सरांकडे घेऊन गेलो. जिन्यातच ठरवलं काय सांगायचं ते.

"सर, जुनी डिस्क आधीच गेलेली होती. तुम्ही शटडाउन न करता थेट भिंतीवरचं बटण बंद करायचात का?"

सर आठवत राहिले. "हिच्यानंतर... दोन-चारदा केलं असेल." मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातून गेलं म्हणायचं."

मी 'नाही' म्हणालो नाही. खाली वाकून वायरी जोडत बसलो.

बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच. बीपसुद्धा नाही. रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवली, स्लॉट बदलला, बोर्डावरचा सेल काढून घातला, स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन आणली. ढिम्म! दुकानात परत नेलं तर पहिल्या फटक्यात सुरू. पुन्हा सरांकडे आणलं, पुन्हा काळं. दहा-बारा दिवसांत असं तीनदा झालं.

"तुझ्या दुकानाची हवा मानवते वाटतं त्याला," सर म्हणाले.

तिसऱ्या वेळी, सकाळी अकराच्या सुमारास, मी तिथेच सगळं सुटं केलं. नवी डिस्क आणि आतच राहिलेली जुनी, दोन्ही काढून खुर्चीवर ठेवल्या, सीडी ड्राइव्हही काढला. फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. एवढ्यावर बोर्ड जिवंत आहे का तेवढं कळतं, बाकी काही चालू शकत नाही. टेबलावरचे दोन छोटे स्पीकर जोडलेलेच राहिले होते. सर चहा घेऊन शेजारी उभे होते.

बटण दाबलं. स्क्रीन काळा. चार-पाच सेकंद गेले, आणि स्पीकरमधून बाईंचा आवाज आला.

"...नदी जेव्हा सपाट प्रदेशात येते, तेव्हा तिचा वेग वाढतो..." एक छोटा खोकला. "चुकलं. कमी होतो. परत घेते."

आणि मी कॅबिनेटची वायर खसकन ओढली.

आवाज तिथेच तुटला. स्पीकरचा लाल दिवा मात्र चालूच होता, कारण त्यांचा प्लग वेगळा होता. सर हातात कप घेऊन स्पीकरकडे बघत होते.

"परत घेते म्हणाली ना ती," ते म्हणाले. "घेऊ द्यायचं होतंस."

मी घाईघाईने वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, बीप वाजली, स्क्रीन उजळला. डिस्क मिळत नाही, असा मेसेज. अगदी जसा यायला हवा तसा. पण आवाज नाही. दहा वेळा केलं असेल.

मग मला राहवलंच नाही. "सर, डिस्क तुमच्यामुळे गेली नाही. माझ्या हातून पुसली गेली. मी खोटं बोललो."

सरांनी कप खाली ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"रोज सकाळी कब्रस्तानात जाऊन मी तिची माफी मागत होतो, सुहास," एवढंच म्हणाले.

सगळं परत जोडलं. त्याच घरात, त्याच प्लगवर मशीन सुरू झालं, ते पुढे कधी अडलं नाही. जुनी डिस्क मी ओळखीच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. एकही फाईल मिळाली नाही. शेवटी सरांनी नववीचा भूगोल पहिल्या पानापासून स्वतःच वाचला. माइक लावायला त्यांनी मलाच बोलावलं, नेहमीसारखा चहाही दिला.

पुढे खराडीत नोकरी लागल्यावर हे एका सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, स्पीकरच्या वायरी कधीकधी रेडिओ पकडतात. पकडत असतील. पण रेडिओ असता तर कॅबिनेटची वायर ओढल्यावर तो का थांबावा? आणि रेडिओवर सलमाबाई कशा खोकतील?

याचं कारण शोधणं मी सोडून दिलंय. वायर ओढली नसती तर बाई पुढे किती वाचणार होत्या, तेही आता कळायचा मार्ग नाही. तो मीच बंद केला... सरांच्या डोळ्यांदेखत.