प्रोसेसर ज्याचा त्याने ठेवायचा

कॉम्प्युटर जोडून झाला की दोन-चार स्क्रू उरतातच. का उरतात ते विचारू नका. इतकी वर्षं हा धंदा करतोय, मलाही कळलेलं नाही. दुकानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात टाकत जातो. डबा आता झाकण लागणार नाही इतका भरलाय. किस्स्यांचंही तसंच झालंय बघा. माणूस बजेट घेऊन जिना चढतो, पार्ट निवडतो, कॉम्प्युटर घेऊन जिना उतरतो आणि काहीतरी मागे ठेवून जातो.

आमचं दुकान सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला, वर इंग्रजीचा क्लास. दुकानात माणसं दोनच, मी आणि विलास. बोलायचं काम माझं, जोडायचं काम त्याचं. डिप्लोमाला एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची ही वाटणी. मी गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं समजावून सांगतो, आणि विलास मान वर न करता एका वाक्यात तेच सांगून मोकळा होतो.

*

आयटीतला एक मुलगा आला. यादी मोबाइलमध्ये तयार, कुठल्यातरी व्हिडिओतून उतरवलेली. काचेचं कॅबिनेट, सात रंगांत चमकणारे पंखे, रॅमलासुद्धा लाइट! आणि सगळ्यात शेवटी पॉवर सप्लाय. तो मात्र बाजारातला सगळ्यात स्वस्त.

मी म्हटलं, "अहो, सगळ्या पार्टांना वीज हाच पुरवणार. इथेच कशाला हात आखडता?"

"सर, पण तो दिसतो कुठे?"

विलास टेबलावरूनच म्हणाला, "खडकवासला धरणही घरातून दिसत नाही. नळाला पाणी येतं ना?"

मुलाने दोन पंखे कमी केले आणि सप्लाय चांगला घेतला. परवा भेटला तेव्हा म्हणाला, पंख्यांचे लाइट पहिल्या आठवड्यातच बंद करून टाकले, झोप येत नव्हती.

*

एक नवरा-बायको आले. नवऱ्याने महागडं ग्राफिक्स कार्ड हेरून ठेवलं होतं. "मुलाच्या अभ्यासाला लागेल," तो मला म्हणाला, पण बघत होता बायकोकडे.

बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या विषयाला?"

नवरा कार्डाचा खोका उलटा करून वाचायला लागला. विलास स्क्रू फिरवायचा थांबला.

"मुलगा तिसरीत आहे," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही सांगा, कुठल्या विषयाला?"

कार्ड परत कपाटात गेलं. त्या बजेटमध्ये डोळ्यांना बरा असा मोठा मॉनिटर बसला. जाताना नवरा मागे राहिला आणि हळूच म्हणाला, "कार्ड नंतर बसवता येतं ना?" म्हटलं, येतं की! मदरबोर्डावर त्याची जागा मी राखूनच ठेवलीय.

*

आता हसू न येणारा किस्सा सांगतो. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मदरबोर्डावर प्रोसेसर ठेवायची एक चौकोनी जागा असते. तिथे केसासारख्या बारीक पिना. प्रोसेसर खाच जुळवून वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, सरकवायचा नाही. एक पीन वाकली की बोर्ड गेला. विलासने हे काम हजारदा केलं असेल, रेडिओ ऐकत, माझ्याशी भांडत. त्या दिवशी त्याचा हात थरथरला आणि प्रोसेसर तिरका पडला.

बोर्ड गेला. त्याचं काही नाही हो. पण विलास दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसला. हात हलत होते. मग म्हणाला, "नंदू, चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. कुणी बघत असलं की जास्तच होतं. मी उद्यापासून येत नाही."

विलास नसेल तर दुकान कशाला उघडायचं? कॉम्प्युटर काय, चाळीस दुकानांत मिळतात. आणि हा घरी बसला तर काय करणार, तेही मला माहीत होतं. भिंतीकडे बघत बसणार.

आमच्याकडे प्रत्येक कॅबिनेटच्या आत एक स्टिकर लावायची पद्धत आहे. 'जोडणी' असं छापलेलं, खाली विलासची सही. त्या दिवसापासून त्याने सही करणं सोडलं. स्टिकरवर मीच माझं नाव खरडायला लागलो.

पण त्याला घरी बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात एक नियम केला. बाकी सगळं विलास जोडेल, स्क्रू, केबल, पंखे. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. पण प्रोसेसर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने ठेवायचा. का? तर आमच्याकडे तशी पद्धत आहे. बस्स!

विलास म्हणाला, "मूर्ख आहेस."

पण आला.

*

नियमाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या कुलकर्णी काकू. लेक बरोबर होती, तिच्या आर्किटेक्चरसाठी कॉम्प्युटर हवा होता. नियम ऐकून काकूंचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"म्हणजे पाया आमच्या हातचा! थांबा, हात धुऊन येते."

"धुवा, पण कोरडे करा," विलास म्हणाला.

लेकीने प्रोसेसर ठेवला, काकूंनी हात जोडले. मग पर्समधून हळदीकुंकवाची पुडी निघाली! मी दोन्ही हात आडवे घातले. "काकू, बोर्डाला नको, बाहेरून कॅबिनेटला लावा!"

काकूंनी ही गोष्ट अख्ख्या पेठेत केली. आठवड्यात लोक विचारत यायला लागले, "ते स्वतः ठेवू देतात ते दुकान हेच का?" माझ्या लपवाछपवीची जाहिरात झाली.

*

प्रज्ञा वर्ध्याची. पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं भरून राहायची आणि ॲनिमेशनचं काम शिकत होती. तिच्याइतकं डोकं लावून यादी केलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. मी प्रोसेसर दाखवत होतो आणि ही बया एकेक रिकामं कॅबिनेट उचलून बघत होती.

"दादा, हे मोठं जड आहे हो. अजून हलकं नाही का?"

"अगं, टेबलावर तर ठेवायचंय. वजनाचं काय?"

"दर अकरा महिन्यांनी रूम बदलावी लागते ना, दादा. तीन जिने मलाच चढवावं लागते."

विलासने पहिल्यांदाच मान वर केली. एवढ्या वर्षांत कॉम्प्युटर घेताना वजन कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतः कपाटातून एक जुनं मॉडेल काढलं, पत्र्याचं, साधं, हलकं. धूळ पुसून तिला उचलायला दिलं. ती दुकानभर ते घेऊन दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "हे जमते."

मग नियमाप्रमाणे तिने प्रोसेसर ठेवला. विलास बाजूला उभा राहून सांगत होता, दोन्ही हात पँटच्या खिशात. प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही खिशात हात घालूनच शिकवता?"

"थंडी वाजते," विलास म्हणाला.

मे महिना होता!

निघताना ती माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या दादांना सांगा, समजावून फार छान सांगतात." मी सांगितलं. विलास म्हणाला, "ऐकू आलं मला."

*

नियम प्रत्येकाला रुचतोच असं नाही. एक गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. नियम ऐकून म्हणाले, "पैसे आम्ही द्यायचे आणि कामही आम्हीच करायचं? उद्या हॉटेलात गेलो तर पोळ्या लाटायला लावतील!"

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

विलास खिशातून हात काढेना. शेवटी मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा! बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, मला कुठला सराव? विलास कानाशी पुटपुटत होता, "खाच बघ. डावीकडे. अलगद. श्वास सोड, मूर्खा." बसला एकदाचा.

गृहस्थ गेल्यावर विलास म्हणाला, "बघ. तू बसवलास, गिऱ्हाइकं बसवतात, पोरी बसवतात. मी उगाच उभा असतो. दिवाळीनंतर येणं बंद करतो मी."

मी म्हटलं, बघू. पण ह्या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

*

दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस कांबळे सर आणि त्यांच्या मिसेस आल्या, येरवड्याहून. सर शाळेत मराठी शिकवायचे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, कॉम्प्युटर कशासाठी?

सर म्हणाले, "आईचं लिहितोय. अर्धी वही झाली. पुढची अक्षरं आता मलाच वाचता येत नाहीत." आणि त्यांनी उजवा हात वर केला. हात हलत होता.

कांबळे काकू म्हणाल्या, "फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या शाळेतले मास्तर यायचे ह्यांचं. आता बँकेतसुद्धा सही जुळत नाही म्हणतात. तीनदा परत पाठवलं."

"आई अंगठा लावायची," सर म्हणाले. "मला सही शिकवायला तिने काय काय केलं, तेच तर लिहायचंय. आणि परवा बँकेतला पोरगा म्हणतो, सर, तुम्ही अंगठाच द्या ना."

यादी विलासने केली, पहिल्यांदाच. प्रोसेसर साधा, ग्राफिक्स कार्ड नाही, लाइट-बिट काही नाही. सगळं बजेट मोठ्या मॉनिटरवर आणि एका दणकट कीबोर्डवर. रुंद बटणं, चांगली खोल दबणारी, म्हणजे हात हलला तरी शेजारचं अक्षर उमटायचं नाही. सरांनी टेबलावरच्या कीबोर्डवर दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं. काकू वाचत होत्या. मी मुद्दाम वाचलं नाही.

मग ती वेळ आली. विलासने बोर्ड पुढे ठेवला. मी म्हणणारच होतो की राहू द्या, मी बसवतो, तेवढ्यात सर म्हणाले, "तुमची पद्धत ऐकलीय मी. पण माझ्या हाताने तुमचा बोर्ड जाईल."

विलासने खिशातून दोन्ही हात काढले. टेबलावर ठेवले, सरांसमोर, दिव्याखाली. लपवले नाहीत. हलत होते ते हलू दिले.

"माझ्या हाताने एक गेलाय," तो म्हणाला.

सर त्या हातांकडे बघत राहिले. मग आपलेही ठेवले. दोघं कोण जाणे किती वेळ तसेच बसले असते.

काकू म्हणाल्या, "कुणाचा जास्त हलतो ते नंतर ठरवा. आधी ते बसवा!"

विलासने प्रोसेसर कडेने धरला. सरांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलं. "खाच डावीकडे," विलास स्वतःलाच म्हणाला. "अलगद." प्रोसेसर बसला. सरांनी प्रोसेसर धरून ठेवणारा खटका खाली केला.

मशीन सुरू झाल्यावर मी स्टिकर काढलं आणि सवयीने पेन उघडलं. विलासने ते माझ्या हातातून घेतलं. कॅबिनेट आडवं केलं आणि स्टिकरवर सही केली. सावकाश, वाकडीतिकडी, रेघेच्या वर-खाली.

काकूंनी चष्मा लावला. वाकून ती सही नीट पाहिली, मग सरांकडे पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या, "एकदाची कुठेतरी सही जुळली!"