देवाकडे पाठ फिरवलेला रंगमंच

खालापूर तालुक्यातील आमच्या गावी महादेवाच्या देवळासमोर एक जुना रंगमंच होता. शहरातील नाट्यगृहांना असते तसे त्याला नाव नव्हते, तिकिटाची खिडकीही नव्हती. दगडी जोते, सागाचे चार खांब आणि वर कौले, एवढाच त्याचा पसारा. तरी चैत्रातील उत्सवाचे नाटक पाहायला लोधिवलीपासून माणसे येत. नाटक गावकरीच करीत आणि ते मुख्यतः देवासाठी असे. देऊळ पूर्वाभिमुख, रंगमंच त्याच्या समोर, पश्चिमेकडे तोंड करून. प्रेक्षक मधल्या अंगणात बसत, परंतु गाभाऱ्याच्या दारापासून रंगमंचापर्यंत एक सरळ पट्टा मोकळा सोडीत. चुकून कोणी तिथे बसलेच तर मागून आवाज येई, "उठ रं, देवाच्या म्होरं काय बसतोस!" नाटक संपेपर्यंत पुजारी शेजारती करीत नसत.

खांबांना वाळवी लागली तेव्हा गावकऱ्यांनी नवा रंगमंच बांधण्याचे ठरवले आणि आराखडा घेऊन ते माझ्याकडे आले. माझे अध्ययन संस्कृत पाठशाळेत झाले. गावाचा माझ्यावरील आदर त्यातूनच आला आहे. मी आराखडा पाहिला आणि सांगितले, "नटाने पूर्वेकडे मुख करावे, असे शास्त्र आहे. जुन्या रंगमंचातील हा दोष आता दूर करा." कोणी प्रतिप्रश्न केला नाही. त्याच जोत्यावर रंगमंच उभा राहिला, तो पूर्वेकडे तोंड करून. मला समाधान वाटले. परंपरा शुद्ध केली, असे मी मनाशी म्हटलेही.

यंदा उत्सवाच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळताना, रंगीत तालीम होती. दर्शन घेऊन मी गाभाऱ्याबाहेर आलो आणि पायरीवर थबकलो. समोर नव्या रंगमंचाची मागची भिंत होती, उंच, आंधळी, ताज्या गुलाबी रंगाची. तिच्यापलीकडून तबला सुरात लावल्याचा आवाज येत होता. बांधकाम चालू असताना ती भिंत मी रोज पाहत होतो. परंतु नाटक नसताना भिंत नुसती भिंतच असते.

सारा गाव जिला काकी म्हणतो ती वृद्ध बाई पायरीवर वाती वळीत बसली होती. तिचा मुलगा मोहोपाड्याच्या कारखान्यात काम करतो. मोठ्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला, तेव्हा ती महादेवाला नवस बोलली होती. नाटकात यंदा मुख्य भूमिका त्याची होती.

"गुरुजी, एक इचारू का?" ती म्हणाली. "माजा पोरगा तुज्याम्होरं नाटकात उभा राहील, असा मी देवाला शबुद दिलाय. आता देव बगनार कुठनं वो?"

उत्सव समितीचे चिटणीस जवळच दिव्यांच्या माळा सोडवीत होते. ते हसून म्हणाले, "काकी, गाभाऱ्यात टीव्ही लावू. देव आरामात बसून बगंल."

"आनि मदीच लाइट गेली तर?" माळेचे दुसरे टोक धरलेला गृहस्थ म्हणाला. "देव उठून जायाचा ना घरी!"

"ह्येच त्याचं घर हाय रं, येड्या!" चिटणीस म्हणाले.

हशा पिकला. मग चिटणीसच गंभीर झाले. "मस्करी पुरे. गुरुजींनी सांगितलंय, म्हंजी त्यात कायतरी असंलच. देवाला भिंतीपल्याडचं दिसत नाय काय?"

काकीने लगेच हात जोडले. "तसं असंल तर माजं कायबी म्हननं नाय."

माझ्या चुकीवर ती माणसे आपल्या श्रद्धेचे पांघरूण घालीत होती. 'ईश्वर सर्वसाक्षी आहे' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते असत्य नव्हते. पण मी ते स्वतःला वाचवण्यासाठी उच्चारणार होतो. या जाणिवेने माझे कान तापले.

"नाही," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी नाटक, त्याच्याकडेच मी नटांची पाठ करवली. चूक माझी आहे. उद्याचे नाटक या भिंतीच्या अलीकडे, अंगणातच करा."

"असं बोलू नका, गुरुजी. आमाला पाप लागंल," काकी कासावीस होऊन म्हणाली.

चिटणीस चरफडले. "दिवे समदे तिकडं बसवलेत. पाव्हन्यांच्या खुर्च्याबी तिकडंच!" तरी दुसऱ्या दिवशी दिवे उतरवले गेले, भिंतीपुढे पडदा बांधला गेला, अंगणात सतरंज्या पडल्या. नव्या रंगमंचावर नटांची रंगभूषा चालू होती.

नाटकाआधी चिटणिसांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, "आपला नवा रंगमंच गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली शास्त्रोक्त पद्धतीने उभारला आहे." मला राहवले नाही. मी उठून ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि म्हणालो, "या रंगमंचाचे तोंड चुकले आहे. ही चूक शास्त्राची नव्हे, गवंड्याचीही नव्हे. माझी आहे. पूर्वजांनी जुना रंगमंच देवाकडे का वळवला होता, हे मी विचारलेच नाही."

मग पाहुण्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "बघा, एवढा विद्वान माणूस, पण किती विनम्र!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काकीही टाळ्या वाजवीत होती.

मी जागेवर येऊन बसलो. चूक मान्य करूनही माझ्या पदरी सन्मानच पडला होता आणि तो नाकारायला आता शब्द उरले नव्हते. पडदा दूर झाल्याचा आवाज आला. काकीच्या मुलाने गाभाऱ्याकडे पाहून वाकून नमस्कार केला, असे नंतर सगळे सांगत होते. मला तो दिसला नाही; मान वर करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.