गमऱ्यांचा आवाज आणि कीर्तिकरांचा डीप पर्पल

हितेंद्र गमरेला लालबाग-परळमध्ये सगळे नुसतं 'साउंड' म्हणतात. लग्न असो, चौदा एप्रिल असो, गणपती असो की एकांकिका स्पर्धा, 'साउंडला फोन लाव' म्हटलं की फोन हितेंद्रलाच लागतो. कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामाच्या मागे त्याचा गाळा आहे. आत छतापर्यंत स्पीकर रचलेले असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत आत गेलं की एका स्टुलावर हा बसलेला असतो. वय साठीला टेकलेलं, अंगात काळा टी-शर्ट, नाकावर सोल्डरिंगचा चष्मा.

मी हौशी गिटारवाला. माझा अँप्लिफायर बिघडला की त्याच्याकडे नेतो. दुरुस्त झाला की तो वाजवून दाखवतो, आणि वाजवतो ते कायम ब्लॅक सॅबथ, इंग्लंडचा एक जुना, जड आवाजाचा रॉक बँड.

हे खूळ त्याला कुठून लागलं ते त्यानंच मला सांगितलं. संपानंतर वडिलांची गिरणी काही पुन्हा धड चालली नाही. दहावी झाल्यावर हितेंद्र लॅमिंग्टन रोडला एका स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात लागला. मालकाकडे नाव नसलेली एक कॅसेट होती. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तो त्या कॅसेटवर तपासायचा. म्हणायचा, "हे पूर्ण आवाजात वाजलं आणि स्पीकरचा कागदी कोन फाटला नाही, तर तो मंडपात टिकेल." दिवसातून चार-पाचदा ते कानावर पडायचं. वाजवणारे ब्लॅक सॅबथ आहेत हे कळायला हितेंद्रला वर्ष लागलं.

पुढे कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की ब्लॅक सॅबथचा गिटारवाला आधी कारखान्यात कामाला होता. पत्र्याच्या मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं बोटांना टोपणं बसवली, पुढे तारा सैल लावून वाजवायला लागला, आणि आवाज आणखी खाली, आणखी जड झाला. हितेंद्रचे वडील बुधाजी गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते. त्यांचंही डाव्या हाताचं अर्धं बोट मशीननं नेलेलं. पोरानं मोठ्या उत्साहानं ती गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. बुधाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कंपनीनं भरपाई दिली काय त्याला?"

ते मासिकात नव्हतं. पण त्या दिवसापासून हितेंद्रनं बँड आपला मानला, तो कायमचा.

शरच्चंद्र कीर्तिकर त्याला त्याच दुकानात भेटले. ठाकूरद्वारचे, विमा कंपनीत नोकरीला, लहानपणी हार्मोनियम शिकलेले. टेप डेक दुरुस्तीला घेऊन आले होते आणि तपासायला स्वतःची कॅसेट आणली होती, डीप पर्पल या त्याच काळातल्या दुसऱ्या इंग्रजी बँडची. हितेंद्रनं ती अर्ध्यातच काढून मालकाची कॅसेट घातली. "याच्यात बेस, खालचा आवाज, कुठाय? डेक तपासायचाय ना?" कीर्तिकर भडकले. त्यांच्या मते त्या बँडमधला ऑर्गन ज्याला समजत नाही, त्यानं स्पीकरला हात लावू नये. तिथून जी मैत्री सुरू झाली ती आजपर्यंत, आणि भांडण तेच, की मोठा बँड कोणता?

कीर्तिकर म्हणायचे, "डीप पर्पल हे शिकलेल्या हातांचं काम आहे. तुझ्या सॅबथला एकच सूर येतो."

"एकच येतो. पण तो पोटात बसतो," हितेंद्रचं उत्तर ठरलेलं.

ऐकणारा तिसरा कुणी असला की तो लेड झेपलिन या तिसऱ्याच बँडचं नाव काढायचा आणि दोघांच्याही शिव्या खायचा. संसार झाले, कीर्तिकर निवृत्त झाले, कॅसेटी जाऊन सगळं फोनमध्ये आलं. भांडणात फरक पडला नाही.

त्यात शिस्त आणली प्रितीनं. प्रिती हितेंद्रची मुलगी. साउंडचा रीतसर कोर्स करून ती गेली काही वर्षं बापाबरोबर धंद्यात आहे. एकदा गाळ्यावर दोघांचं जुंपलेलं ऐकून ती म्हणाली, "काका, लोक कोणाला जास्त ओळखतात हा एक प्रश्न. आणि बाकीचे बँड कोणाचं ऐकून तसे वाजवायला लागले हा दुसरा. तुम्ही दोघं पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देताय. मला विचाराल तर ओळखण्यात एसी/डीसी पुढे. दादर स्टेशनबाहेर त्यांचा टी-शर्ट मिळतो. घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ऐकलेलंही नसेल, पण नाव माहितीये."

"टी-शर्टवरून बँड मोठा ठरतो?" कीर्तिकर म्हणाले.

"लोकप्रिय ठरतो. मोठा का ते वेगळं बघू."

त्यातूनच जाहीर सभेची कल्पना निघाली. दादरच्या एका वाचनालयाचा छोटा हॉल रविवारी दुपारी मिळाला. चार बँड: लेड झेपलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ, एसी/डीसी. प्रत्येकाचं थोडं ऐकायचं, एकानं बाजू मांडायची, शेवटी हात वर करून दोन वेगवेगळी मतं, एक लोकप्रियतेचं, एक प्रभावाचं. साउंड अर्थातच गमऱ्यांचा. मिक्सरवर स्वतः हितेंद्र.

हॉल भरला. आमच्यासारखे गिटारवाले, कॉलेजची मुलं, दोन-तीन निवृत्त बँकवाले, नातवाला घेऊन आलेल्या एक आजी. पहिली पाळी कीर्तिकरांची. इस्त्रीचा झब्बा घालून ते डीप पर्पलबद्दल बोलले आणि छान बोलले. मग म्हणाले, "हितेंद्र, लाव."

हितेंद्रनं लावलं आणि पहिल्या काही सेकंदांतच लोक कळवळले. झांजा अशा काही अंगावर आल्या, की कुणी काचेवर पत्रा घासतंय असं वाटावं. ऑर्गन किंचाळत होता. आजींनी नातवाच्या कानांवर हात धरले. हितेंद्र मात्र शांतपणे मान हलवत होता. लोक हातवारे करायला लागले तेव्हा त्याला वाटलं, वाढव म्हणतायत. त्यानं ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, आणखी चढवला.

कीर्तिकर तरातरा मिक्सरपाशी गेले. "बंद कर! मुद्दाम करतोयस तू."

"काय मुद्दाम?"

"माझा बँड खराब वाजवतोयस. म्हणजे मागाहून तुझा गोड लागेल. इतकी वर्षं ओळखतो तुला, पण इतका हलका वागशील असं वाटलं नव्हतं."

प्रिती मागच्या रांगेतून आली आणि मिक्सरच्या बटणांकडे हात नेला. हितेंद्रनं तो झटकला. मग ती वाकून त्याच्याशी हळू बोलली. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो म्हणून मला ऐकू गेलं.

"पप्पा, काकांचं चुकत नाहीये. वरचा आवाज तुम्हाला येत नाही. मला गणपतीपासून कळतंय."

तो उठला. पहिल्या रांगेत कडेला जाऊन बसला. प्रितीनं आवाज नीट केला आणि सभा पार पडली. लोकप्रियतेत एसी/डीसी पहिला आला, लेड झेपलिन दुसरा. प्रभावात ब्लॅक सॅबथ थोडक्यात पुढे. सॅबथची बाजू मांडायची होती हितेंद्रला, पण तो उठलाच नाही. त्याच्याऐवजी एका कॉलेजच्या मुलीनं मांडली. नंतर हेवी मेटल म्हणून जे जड संगीत आलं ते यांच्याच घरातून निघालं, असं तिनं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. कीर्तिकर निकाल न मानता निघून गेले. जाताना हितेंद्रकडे त्यांनी पाहिलंही नाही.

नंतर बरेच दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. हितेंद्र गाळ्यावर यायचा, सोल्डरिंग करायचा, पण काही वाजवून तपासायचं असलं की प्रितीकडे सरकवायचा. शेवटी तिनंच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. हितेंद्रनं मला नंतर सांगितलं, "बराच वेळ काही वाजलंच नाही. मी बाहेर बघितलं, म्हटलं मशीन बंद पडलं काय? बाहेर प्रितीचं तोंड बघितलं आणि समजलो."

मंडपातल्या स्पीकरांसमोर आयुष्य गेलं होतं. खालचे आवाज ठीक होते, वरचे जवळजवळ गेले होते. परत येणार नव्हते. यंत्र बसवून बोलणं समजेल, पण मिक्सिंगचा भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

घरी हितेंद्रला बायकोनं विचारलं तर म्हणाला, "इंजिनिअर आंधळा झाला तरी नकाशा सांगू शकतो. साउंडवाला बहिरा झाला तर काय सांगणार?" ती म्हणाली, "आधी कीर्तिकरांना तरी सांग. ते तुला लबाड समजून बसलेत."

ते त्याला पटलं. कानात नवीन यंत्र घालून तो ठाकूरद्वारला गेला. कीर्तिकरांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाले नाहीत. हितेंद्रनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "मुद्दाम नव्हतं केलं. मला तुझा ऑर्गन ऐकायलाच येत नव्हता, म्हणून वाढवत गेलो. कानाचं झालंय. हे बघ." आणि मान वळवून यंत्र दाखवलं.

कीर्तिकरांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. चहा झाला. मग कीर्तिकर म्हणाले, "एसी/डीसीच्या गायकाचंही हेच झालं होतं, ठाऊक आहे? दौरा अर्धवट सोडायला लागला. डॉक्टर म्हणाले, थांब नाहीतर पूर्ण जाईल."

"मग?"

"काही वर्षांनी परत आला."

"तो गायक आहे. मला मिक्सरवर कोण उभं करणार?" हितेंद्र म्हणाला आणि तिथे, कीर्तिकरांच्या बैठकीच्या खोलीत, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कीर्तिकरांना समजूत घालणं जमत नाही. ते उठले आणि डीप पर्पल लावला. हितेंद्रनं यंत्र काढून ठेवलं; त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं म्हणाला. स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवून बसला. कीर्तिकर त्याच्या कानाशी मोठ्यानं सांगत राहिले, "आता ऑर्गन वर चढतोय... आता गिटार त्याला उत्तर देतेय... आता दोघं एकदम." हितेंद्र डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "यांचा बेसवाला चांगलाय रे. मी कधी लक्षच दिलं नव्हतं."

"मीही नाही," कीर्तिकर म्हणाले.

सभा पुन्हा घ्यायची हे कीर्तिकरांनीच ठरवलं. पहिली रद्द, कारण त्यांच्या बँडवर अन्याय झाला होता. हॉल तोच, मिक्सरवर प्रिती. या वेळी हितेंद्रनं स्वतः सॅबथची बाजू मांडली. कागद नव्हता. त्यानं वडिलांच्या बोटाबद्दल सांगितलं, गिटारवाल्याच्या बोटांबद्दल सांगितलं, आणि म्हणाला, "बाकीचे बँड वर जातात. हा खाली जातो. खाली जायला यांनी शिकवलं. माझे वरचे सूर गेलेत, तरी हा बँड मला जवळपास पूर्ण ऐकू येतो." लोक हसावं की नाही या विचारात पडले. तो स्वतःच हसला, मग सगळे हसले.

लोकप्रियतेचा निकाल बदलला नाही. प्रभावाच्या वेळी कीर्तिकरांनी हरकत घेतली. हात वर करायच्या आधी जे वाजवतात त्यांना विचारा, म्हणाले, की गिटारवर पहिला तुकडा कोणाचा वाजवलात? आम्ही वाजवणारे होतो जेमतेम वीस. मोजले तेव्हा अर्ध्याहून जास्त जणांचा पहिला तुकडा डीप पर्पलचा निघाला, माझाही. कीर्तिकरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"पहिला तुकडा सोपा असतो म्हणून वाजवतात," हितेंद्र ओरडला. "तो प्रभाव नाय, ती बाराखडी आहे!"

"बाराखडीशिवाय लिहून दाखव!"

मतं घेतली तर सॅबथ आणि पर्पल बरोबरीत आले. लेड झेपलिनवाल्या बँकवाल्यांनी मतदान सदोष असल्याचं सांगितलं आणि हॉलचा वॉचमन दिवे बंद करायला आला तरी कुणी उठेना.

आता धंदा प्रिती बघते. हितेंद्र दुरुस्तीचं काम करतो. स्पीकरचा कोन नीट बसलाय की नाही हे त्याला अजून हातानं कळतं. कामगारांनी कानात बोळे घातल्याशिवाय मंडपात पाऊल टाकायचं नाही, असा त्यानं नियम केलाय आणि त्यावरून रोज वाद घालतो. भिंतभर स्पीकर लावून आवाज फोडायची मागणी करणाऱ्या एका मंडळाला प्रितीनं नकार दिला, तेव्हा ते दुसरीकडे गेले. हितेंद्रला ते लागलं, पण मुलीला तो काही बोलला नाही.

गेल्या महिन्यात अँप्लिफायर घेऊन मी गाळ्यावर गेलो होतो. प्रितीनं तो एसी/डीसीवर तपासून दिला. हितेंद्र आतून म्हणाला, "बेस बघितलास ना?" ती म्हणाली, "बघितला, पप्पा," आणि बिल करायला घेतलं.