विहिणीची साडी

सुरतेत राहून साडी कुठे घ्यावी हा प्रश्न आम्हाला पडतो, हे गावाकडे कुणालाच खरं वाटत नसे. वडील बमरोलीच्या कारखान्यात पॉवरलूम चालवायचे, म्हणजे कापड निघायचं ते आमच्याच घरच्या हातातून. तरीही आईचा सुरतेतल्या एकाही दुकानावर विश्वास नव्हता.

चौटा बाजारात जायचं नाही, तिथे गिऱ्हाइकाच्या चपला बघून भाव सांगतात. रिंग रोडच्या मोठ्या मार्केटात तर मुळीच नाही. तिथे दाखवतात एक साडी आणि पिशवीत घालतात दुसरी, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते तिला कधी आठवलं नाही. भेस्तानला कांदे घ्यावेत, कापड नाही. उरलं पर्वत पाटिया. तिथल्या दुकानांविरुद्ध तिच्या कानावर अजून काही आलं नव्हतं, एवढाच त्यांचा गुण.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि ताईचं लग्न परभणीकडे ठरलं होतं. बैठकीत विहीणबाई हसून म्हणाल्या होत्या, "तुमी सुरतचे, साडीचं आमी काय सांगावं!" ते वाक्य आईने पंधरा दिवस चघळलं. एवढं गोड बोलणारी बाई खोचक असणार, असं तिचं मत पडलं, आणि या एका बाबतीत तिचा संशय शंभर टक्के खरा होता. विहिणीची साडी उणी निघाली तर बोलणी ताई खाणार, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

मी तेव्हा आठवीत, घराजवळच्या गुजराती शाळेत. आईचं गुजराती भाजी घेण्यापुरतं, त्यामुळे दुकानात दुभाषी मी. साऱ्या सुरतेत तिचा विश्वास होता तो माझ्या कानांवर.

वैशाखातली दुपार होती आणि पर्वत पाटियातलं आमचं चौथं दुकान. वांगी रंगाची, बारीक जरीकाठाची एक साडी आईच्या मनात भरली होती. म्हणूनच तिला जास्त संशय. तिने ती पुरती उलगडली, दारात नेऊन उजेडात धरली, अंगठा थुंकीने ओला करून काठ चोळला आणि रंग लागतो का ते बघितलं. गादीवरच्या बाकीच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुकानदाराने भाव दोनदा उतरवला. तिसऱ्यांदा मात्र त्याने हात जोडले. "बेन, आमां तो मने खोट जाय छे."

आईचा हात थांबला. "काय म्हणला गं त्यो? खोट हाय म्हणला?"

गुजरातीत खोट म्हणजे तोटा. या भावात माझं नुकसान होतंय, एवढंच तो बिचारा सांगत होता. मला ते पक्कं माहीत होतं, कारण गणितात आम्हाला 'नफो अने खोट' असा धडाच होता. पण सँडल चावत होती, आणि खरं सांगितलं तर अजून अर्धा तास घासाघीस चालली असती.

मी म्हटलं, "हो. खोट आहे म्हणतोय."

आई चोर पकडल्याच्या आवेशात उठली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "आपल्या तोंडानं बोलून गेला मुडदा!" मीही हसले. संध्याकाळी आम्ही आमच्याच गल्लीत, घरातून साड्या विकणाऱ्या एका गाववाल्याकडे गेलो. "वहिनी, तुमच्यासाठीच ठिवली बघा," तो म्हणाला. त्याच्या बायकोने चहा दिला. आईने साडी घडीसकट पिशवीत घातली.

"उलगडून नाही बघितलीस?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"आपल्या माणसाच्या मालाची घडी मोडून बघत नसत्येत," ती म्हणाली.

ती घडी विहीणबाईंनी मोडली, लग्नात, आहेराच्या वेळी, चार बायकांत. पदराच्या जरा आत चांगला वीतभर पट्टा विरळ होता, आडवे धागे तुटलेले. विहीणबाईंनी त्यातून बोटं आरपार काढून दाखवली आणि म्हणाल्या, "सुरत म्हणं सुरत! नाव मोठं, लक्षण खोटं." बायका हसल्या. मुंडावळ्या बांधलेली ताई तिथेच बसली होती.

सुरतेला परतल्यावर आई तरातरा त्या गाववाल्याकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "सेकंडचा माल हाय म्हणून तर एवढ्या स्वस्तात दिली, वहिनी. तुमी इचारलं कुठं?"

दिवाळीला ताई माहेरी आली ती वाळून. पिशवीतून तिने ती साडी काढून आईपुढे ठेवली. "सासूबाई म्हणल्या, ही तुझ्या आईलाच शोभंल." सणवार आला, पाव्हणे आले की ही साडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवायच्या, असंही तिने सांगितलं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझीच अक्कल शेण खायला गेली. त्यो पाटियाचा माणूस किती खरा! खोट हाय म्हणून त्यानं आधीच सांगितलं. मीच त्याला मुडदा म्हणले."

ते मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं.

ताईने विचारलं, "पाय दुखत होते म्हणून?"

"हो," मी म्हटलं. ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. आई साडीची घडी घालत राहिली. तिने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी चादर घ्यायला गेलो. दुकानदार गुजरातीत काहीतरी म्हणाला. मी तोंड उघडणार तोच आई पलीकडे वळली आणि तिथे बसलेल्या एका अनोळखी बाईला म्हणाली, "बेन, ये क्या बोलता है?" त्या बाईने सांगितलं ते तिने मान हलवत नीट ऐकून घेतलं. मी आईच्या दुसऱ्या बाजूला पिशवी धरून बसले होते.