शेवंताच्या लग्नातले अक्रोडी पाट

तुमच्या मासिकात दर महिन्याला कुणाला ना कुणाला बाई दिसते. पिंपळाखाली, विहिरीवर, पांढऱ्या लुगड्यात... मी ते पान वाचतो आणि शिव्या घालतो. धंद्यानं मी सुतार. एखादं झाड तोडायला गावात कुणी धजत नसलं की मला बोलवायचे, आणि मी खुशाल कुऱ्हाड घालायचो. तेव्हा माझ्याकडून बाईबिईची अपेक्षा ठेवू नका. मला दिसलं काहीच नाही, हाताला लागलं. अजून आठवलं की घास उतरत नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची वर्षं. निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. लोंढ्याकडचं चांगलं सागवान सगळं लढाईकडं चाललेलं. आमच्या वाट्याला आंबा नाहीतर जांभूळ, तेही ओलं. त्याचा पाट केला की महिन्यात वाकडा, आणि गिऱ्हाईक दारात उभं!

असाच लाकूड शोधत बेळगावला गेलो होतो. कॅम्पात एका मोडीवाल्याकडं पोती रचलेली दिसली. आत बंदुकांचे दस्ते — म्हणजे बंदुकीचा मागचा, खांद्याला लावतात तो लाकडी भाग. लोखंड काढून घेतलेलं आणि लाकूड जळणाला ठेवलेलं. मी एक उचलला, नखानं खरवडला... अक्रोड! अरे गाढवांनो, हे चुलीत घालता?

आपल्याकडं अक्रोड म्हणजे खायचा, तोही आजाऱ्यानं. पण सुतारानं एकदा त्यावर रंधा मारून बघावा. चिरफळ्या होत नाहीत, पटाशी लोण्यात चालल्यासारखी चालते. तपकिरी अंगावर मधूनच जांभळट रेघा उमटतात. आणि जुनं, वीस-तीस वर्षं मुरलेलं लाकूड... ते आता काय वाकणार? दोन पोती सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून आणली. वाटभर मी येड्यासारखा हसत होतो.

एकच घाण होती. शिपाई नेम धरताना जिथं गाल टेकतो, तिथं प्रत्येक दस्त्यावर काळा, तुकतुकीत डाग. कितीजणांच्या गालांचा घाम आणि मळ होता देव जाणे. शी! त्यातले किती जिवंत होते, किती गेले, तेही कुणाला ठाऊक. मी रंध्यानं पाव इंच लाकूड काढून टाकलं. खाली अगदी नितळ लागलं.

त्याच वैशाखात शेवंताचं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मुलगा संकेश्वरचा. वडील गेल्यावर तिला मीच वाढवलेली. आमच्या घरात बोहल्यावरचे दोन पाट भावानं स्वतःच्या हातानं करायचे, अशी रीत आहे. मी दस्त्यांच्या पट्ट्या पाडल्या, सरसानं सांधून दोन पाट केले आणि गावभर सांगत सुटलो, "काश्मिरी अक्रोड हाय! निपाणीत असला पाट कुणी बघितला नसंल!" दस्ते हा शब्द मात्र घरातसुद्धा काढला नाही. परक्या शिपायांनी, बहुतेक मेलेल्या, तोंड घासलेलं लाकूड नव्या नवरीखाली चालतंय होय? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात.

हळदीच्या दिवशी आईनं हाक मारली. "आण्णा, ह्यो पाट वला कसा रं? पानी सांडलं काय कुनी?"

मी हात लावला. पाणी नव्हतं ते. चिकट होतं, आणि कोमट... माणसाच्या अंगासारखं कोमट. बोटं नाकाशी नेली तर महिनाभर न धुतलेल्या मुंडाशाच्या आतल्या बाजूला येतो तसला वास.

"सरस अजून वाळला न्हाय," मी म्हणालो. खोटं! सरस वाळून आठवडा झाला होता. पाट पुसले, राख घासली, उन्हात टाकले. संध्याकाळी कोरडे ठणठणीत. चला, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या, नवरा-नवरी पाटांवर बसली, होम झाला. भटजींनी सप्तपदीला उठायला सांगितलं. शेवंता पिवळ्या लुगड्यात उठली आणि मागं बसलेली नवऱ्याची काकू किंचाळली —

"अगं बया! पोरीला कावळा शिवलाय की गं!"

लुगड्यावर मागं हातभर डाग, काळपट आणि ओला. मांडवात कुजबुज पसरली. बायकांनी नाकाला पदर लावले. विहीणबाई ताडकन पुढं आल्या. "विटाळशी पोर बोहल्यावर बसीवली व्हय? चला रं, गाड्या जुपा!"

आईनं गळ्याची शपथ घेतली. "न्हाय हो, पोर निर्मळ हाय!" कोण ऐकतंय?

आणि मी? मला बघताक्षणी कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण मांडवात माझी अर्धी गिऱ्हाइकं बसलेली. म्हटलं, आता दस्त्यांचं सांगितलं तर उद्या माझ्या दुकानात कोण पाय ठेवील? मी मांडवाच्या मेढीकडं बघत उभा राहिलो.

विहीणबाई आणि काकू शेवंताला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तपासायला! दार लागलं. आतून काकूचा आवाज येत होता, शेवंताचा नाही. मी तरीही गप्प. थू माझ्या जिनगानीवर.

दार उघडलं. काकू खाली मान घालून म्हणाली, "तसलं काय न्हाय." पण कुजबुज थांबली नव्हती. तेवढ्यात नवरा मुलगा, जो इतका वेळ मुंडावळ्या सांभाळत उभा होता, त्यानं आपल्या धोतराला मागं हात लावला.

"आई, थांब की! माजंबी धोतार वलं हाय. मलाबी कावळा शिवला काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. तो वाकला, आपला पाट तळव्यानं निपटला आणि हात सगळ्यांपुढं धरला. काळी, मेणचट साय होती. आणि तिच्यात केस. बारीक, राठ, दाढीच्या खुंटाचे असतात तसले. काही काळे, काही तांबूस, गोऱ्या माणसाचे असावेत असे. तो मांडवाबाहेर पळाला आणि भडाभडा ओकला.

"कसलं लाकूड हाय ह्ये?" विहीणबाईंनी मला विचारलं. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

शेजाऱ्याकडून सागवानी पाट आणले, शेवंता लुगडं बदलून आली, राहिलेले विधी पार पडले. जेवायला मात्र निम्मी पानं तशीच उठली.

मी परसात जाऊन दोन्ही पाट कुऱ्हाडीनं फोडले. आत बघावं तर हाडासारखं कोरडं लाकूड. तेलाचा थेंब नाही, केसाचा मागमूस नाही. लोक म्हणतात, दस्त्यांना जवसाचं तेल पाजतात, अंगाच्या उबेनं ते सुटलं असेल. मला जवसाचं तेल शिकवू नका! ते वाळलं की खडक होतं. आणि केस? तेही तेलातून आले? पाव इंच लाकूड मी ह्या हातांनी काढलं होतं. मला आजही ह्यातलं काही उमगलेलं नाही.

ढलप्या गोळा करत होतो तेव्हा शेवंता पाठवणीआधी परसात आली. नवरी भावाच्या गळ्यात पडून रडते, म्हणून मी हात झटकून पुढं झालो. ती लांबच उभी राहिली.

"आण्णा, मला आत नेलं तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

तिनं फोडलेल्या लाकडांकडं बघितलं.

"मग आता ह्या लाकडावर कशाला राग काढाय लागलाईस?" एवढंच म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडायला निघून गेली.