कमलचे गुरुवार

कमल गाडी चालवायला बसली की आधी उशा लावायची. एक बुडाखाली, दोन पाठीशी. एवढं करूनही तिचा पाय ब्रेकला जेमतेम पोचायचा आणि समोरून येणाऱ्याला स्टेअरिंगच्या वर फक्त एक कपाळ आणि चष्मा दिसायचा. मी एकदा म्हटलं, "अगं कमे, सीट पुढं सरकती की. खाली दांडी असती, ती ओढ."

"म्हाईत हाय मला. क्लासवाल्यानं पयल्याच दिवशी दाखवलंय," म्हणाली, आणि उशीला दोन बुक्क्या मारून तिनं ती नीट बसवली.

ती सीट तिच्या लेकानं, संदेशनं मागं सारलेली होती, आपल्या लांबलचक पायांच्या मापानं. त्याच्यानंतर ती कुणी हलवली नव्हती.

कमल आमच्या भोसरीतल्या खोल्यांत भाड्यानं राहायला आली ती परभणीकडून, नवऱ्याबरोबर. आम्ही इथले जुने. शेती कारखान्यांखाली गेली, खोल्या बांधल्या, आणि खोल्यांबरोबर माणसं आली. बरीच आली नि गेली, पण कमल राहिली. नवरा लवकर वारला. तिनं एका वर्कशॉपमध्ये मशीनवर उभं राहून संदेशला वाढवलं, डिप्लोमा करवला. तो चाकणला नोकरीला लागला, प्रज्ञासारखी गुणी बायको आली, जुनी का होईना पण पांढरी गाडी दारात उभी राहिली. त्या दिवशी कमलनं अख्ख्या चाळीला बुंदी वाटली होती. मला म्हणाली, "शेवंते, आता माझं काम संपलं. आता मी नुसती बसून खाणार."

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. बाकी जगाचा रविवार, आमचा गुरुवार. म्हणून गुरुवारी कोकणातल्या समुद्रावर जी पोरं दिसतात ना, ती बहुतेक आमच्याकडचीच. संदेशही तसाच गेला होता, मित्रांबरोबर, श्रीवर्धनच्या बाजूला. पट्टीचा पोहणारा होता. पाच जण पाण्यात उतरले, चार बाहेर आले. गाडी मित्रांनी परत आणून दारात लावली आणि चावी कमलच्या हातात द्यायचं धाडस होईना म्हणून माझ्या हातात दिली. संदेश सापडला नाही. कोळ्यांनी होड्या घातल्या, पोलिसांनी शोध घेतला, काही हाती लागलं नाही. एक म्हातारा कोळी तेवढं कमलला बोलून गेला, "बाई, पाणी दक्षिणेला ओढतं. पुढच्या गावात विचारा."

झालं. पुढच्या गावात.

लोकांना वाटलं, सहा महिन्यांनी शांत होईल. कमल ड्रायव्हिंग क्लासला गेली! साठीला आलेली बाई, एवढीशी उंची. क्लासचा मास्तर म्हणे देवाचं नाव घेऊन बाजूला बसायचा. लायसन हातात पडल्यावर तिनं सुरू केलं. महिन्या-दोन महिन्यांतून एक फेरी, आणि प्रत्येक फेरीला मागच्या वेळेपेक्षा एक गाव पुढं. जायची ती गुरुवार धरूनच. त्या गावच्या मच्छीमारांना विचारायचं, दवाखान्यात विचारायचं, चहाच्या टपरीवर फोटो दाखवायचा. आणि मग किनाऱ्यावर उभं राहून पोरांना पाण्याबाहेर काढायचं.

हे काढणं काय असायचं ते सांगते. ती आधी किनाऱ्यावरच्या गाड्यांचे नंबर बघायची. चौदा नंबरची गाडी म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवडची. मग पाण्याकडे तोंड करून आरोळी, "एऽऽ चौदावाले! अरे तुमची गाडी भरतीच्या पाण्यात चालली रेऽऽ!" पोरं अशी पळत सुटायची की विचारू नका. पुढं येऊन बघतात तर गाडी जागच्या जागी कोरडी. कोणी हसायचं, कोणी शिव्या घालायचं. कमलला त्याचं काही नाही. कधी पोलीस आले म्हणायची, कधी पाण्यात साप आहेत म्हणायची. मी विचारलं, "एवढं खोटं बोलतीस, जिभेला काटा येत न्हाई?" तर म्हणाली, "समुद्राला आई न्हाई, शेवंते. त्याला काय कळणार? मग कोणीतरी खोटं बोलायला नको?"

पण घरी मात्र तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. संदेश गेला, हा शब्द. गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करतात, तेही तिनं होऊ दिलं नाही. "माणूस यायचा हाय, त्याचं कसलं पुण्यानुमोदन?" रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायची आणि सकाळी ते गाईला घालायची. प्रज्ञा समोर बसून जेवायची, मुकाट्यानं. पोर वाकडला एका दवाखान्यात कामाला होती. तिथल्याच एका चांगल्या मुलानं तिला मागणी घातली. कमलला राग नव्हता बरं का. उलट स्वतःच म्हणायची, "कर की लगीन. मी कामून अडवीन?"

प्रज्ञा म्हणायची, "आई, मग तुम्ही एकदा म्हणा, ते गेले म्हणून. त्यांचं ताट वाढलेलं असताना मी दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ?"

इथं आलं की कमल उठून आत जायची. त्या मुलानं पुष्कळ वाट बघितली. त्याच्या घरचे आता थांबायला तयार नव्हते. शेवटी एक दिवस कमल प्रज्ञाला म्हणाली, "ह्या खेपेला पार शेवटच्या गावापर्यंत जाते. जितं रस्ता संपंल तितं. तितंबी न्हाई घावला, तर म्हणीन." प्रज्ञानं माझे पाय धरले, "मावशी, या वेळी तुम्ही जा सोबत. एकट्या गेल्या तर त्या परत येतील की नाही, मला भीती वाटते."

तर अशी मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाले. बुधवारी उजाडताच निघालो. ताम्हिणीच्या घाटात सगळं हिरवंगार, कड्यांवरून पाणी सुटलेलं, माणसं गाड्या थांबवून फोटो काढत होती. मी म्हटलं, "कमे, थांबव की जरा." म्हणाली, "पुढच्या गावात बघू." माणगावात मला चहा हवा होता. पुढच्या गावात बघू. मला लघवीला लागली तेव्हा मात्र मी ओरडले, "तुझ्या पुढच्या गावाला काडी लाव, आत्ता थांबव!" तेव्हा हसली. खळखळून हसली. पाठीमागच्या आरशात बघून म्हणाली, "बघितलंस, मावशी कशी तापली?" मी मागं वळून बघितलं. मागं माझी पिशवी आणि पाण्याची बाटली होती. त्यानंतर मी त्या आरशात बघायचं टाळलं.

संध्याकाळी हर्णैच्या पुढं एका वाडीत मुक्काम केला. घरगुती खाणावळ, अंगणात नारळी, बाई बोलकी. तिनं विचारलं, "पानं किती घेऊ हो?"

"तीन," कमल म्हणाली.

मी मान खाली घातली. पानं वाढली गेली. भात, माशाचं कालवण, सोलकढी. तिसऱ्या पानाकडे बघून बाई म्हणाली, "तुमचं तिसरं माणूस कुठं राहिलं? भात गार होतोय."

"येतोय मागनं," कमल म्हणाली, आणि जेवायला लागली.

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं असणार, कारण तिनं पुढं एक अक्षर विचारलं नाही. आतून दुसरं ताट आणलं आणि त्या पानावर पालथं घातलं, माशी बसू नये म्हणून. जाताना हळूच मला म्हणाली, "आमच्या वाडीतही वाढतात हो असं पान. दोन घरांत." पहाटे उठून मी अंगणात आले तर ते पान कुठं दिसलं नाही.

गुरुवारी दाभोळच्या खाडीवर फेरीबोटीत गाडी चढवली. बोट मध्यावर आली तशी कमल दार उघडून उतरली. कठड्याजवळ एक उंच माणूस पाठमोरा उभा होता, खांदा जरा खाली टाकून, अगदी संदेश उभा राहायचा तसा. मीही खिडकीतून मान बाहेर काढली, खोटं कशाला बोलू? कमल मोटरसायकलींच्या मधून वाट काढत त्याच्याकडे गेली, त्याला वळसा घालून पुढं झाली, त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो बिचारा गोंधळून जरा हसला. ती परत आली, बसली, उशी नीट केली.

"न्हाई. कान येगळे हायत."

मी म्हटलं, "कमल, आजच्याला काय ठरलंय, ध्यानात हाय ना?"

"हाय," म्हणाली.

ज्या गावात आम्ही पोचलो त्याचं नाव मी सांगत नाही. त्या गावाचा काही दोष नाही. डांबरी रस्ता सुरूच्या झाडांत शिरतो आणि वाळूत संपतो, पुढं नुसतं पाणी. कमलनं मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना फोटो दाखवला. त्यांनी माना हलवल्या. टपरीवाल्यानं मान हलवली. आता विचारायला माणूस उरलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते. ती समुद्राकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

तेवढ्यात तिला सुरूच्या बनात गाडी दिसली. चौदा नंबरची.

पाण्यात पाच-सहा पोरं होती. ओहोटी लागलेली. कमलनं तोंडाभोवती हात धरले, "एऽऽ चौदावाले! गाडी चालली रे तुमची पाण्यातऽऽ!" पोरं धडपडत बाहेर आली. एक तेवढा आला नाही. चांगला छातीएवढ्या पाण्यात होता, आणि गंमत म्हणून आणखी आत निघाला होता. त्यानं लांबूनच गाडी बघितली आणि ओरडला, "काय आजी, फेकता काय! गाडी हाय तितंच हाय!" बाहेरची पोरं खिदळली.

"पोलीस आले बघ!"

"येऊ द्या, त्यांना पन पोहायला बोलवा!"

"अरे, पाणी आत ओढतंय, मागं फीर!"

"टेन्शन नका घेऊ, आजी, मला पोहता येतं!"

कमल पाण्यात शिरली. इतकी वर्षं किनाऱ्यांवर फिरली, पण त्या पाण्याला तिनं पायाचं बोट लावलं नव्हतं. आता चपलांसकट, साडीसकट गुडघाभर पाण्यात गेली आणि जीव खाऊन ओरडली.

"माझ्या संदेशलाबी येत व्हतं! पोहता येत व्हतं त्याला! मेला तो! ह्याच समुद्रात मेला माझा लेक, ऐकतोस का? मेलाऽऽ!"

त्या पोराचं हसू जागीच थांबलं. तो वळला. लगेच येता आलं नाही त्याला, पाण्याशी झगडावं लागलं, दोन मित्र पुढं होऊन हात धरायला गेले. बाहेर आल्यावर तोंड पांढरं पडलं होतं. कमलनं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग पदर पिळला आणि त्याचं डोकं पुसायला लागली. ते दांडगं पोरगं तिच्यापुढं वाकून उभं होतं, डोकं तिच्या हाताला यावं म्हणून.

"कुठला रे तू?"

"मोशीला असतो, आजी. खोलीवर."

"आईला फोन कर. आत्ता कर, माझ्यासमोर."

पोरं गेल्यावर ती वाळूत बसली. मग म्हणाली, "ऐकलंस का गं तू?"

"ऐकलं."

"त्या पोरांनीबी?"

"व्हय. सगळ्यांनी."

"मग प्रज्ञाला तूच सांग. माझ्या तोंडातनं दुसऱ्यांदा निघायचं न्हाई." मी फोन लावेपर्यंत ती वाळूवर बोटानं काहीतरी ओढत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजवर तो नुसता आला नव्हता, शेवंते. आज मी त्याला मारला."

तेवढ्यात पलीकडून प्रज्ञानं 'मावशी, बोला' म्हटलं.

तिनं शब्द पाळला. पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी आले, लोक जेवले. ताट वाढायचं थांबलं. प्रज्ञाचं लग्न विहारात झालं तेव्हा कमल पुढच्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून. लग्नाआधी नवरामुलगा भेटायला आला होता तेव्हा तिनं त्याला एकच प्रश्न विचारला होता, "पोहता येतं का?"

तो बिचारा ओशाळून म्हणाला, "नाही, आई."

"बेस. शिकू नका."

मला वाटलं होतं, आता तिचा जीव सुटेल. तसं झालं नाही. गाडी तिनं पुन्हा बाहेर काढली नाही, पण रात्रीची झोप गेली. म्हणायची, "आधी तो तिकडं कुठंतरी होता. आता घरातच असतो. काही बोलत न्हाई, नुसता असतो." हे ती घाबरून सांगायची नाही. दूधवाला आज उशिरा आला, असं सांगावं तसं सांगायची. दोन पावसाळे काढले तिनं तसे.

मागच्या थंडीत गेली. शेवटच्या आठवड्यात मी आणि प्रज्ञा जवळच होतो. अस्थींचा विषय प्रज्ञा काढू शकत नव्हती, तो कमलनंच काढला. प्रज्ञाला वाटत होतं, आई म्हणणार, समुद्रात सोडा, संदेशजवळ. कमल म्हणाली, "समुद्रात न्हाई. नदीतबी न्हाई, ती तिकडंच जाती. मला जमिनीत घाला. एका जागी ऱ्हायचंय मला."

"असं का, आई?"

"कुणी हुडकत आलं, तर घावले पायजे."

ह्या बाईनं माझ्यासमोर, त्या पोरांसमोर मुलगा मेला म्हणून सांगितलं होतं. 'कुणी' म्हणजे कोण, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

आमच्या शेताचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, दोन मोठ्या इमारतींच्या मध्ये अडकलेला. तिथं तिला ठेवली आणि वर कडुलिंब लावला. धरलाय चांगला. रोज पाणी घालायला जाते मी. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला सांगून ठेवलंय, कोणी उंच माणूस कमलबाई विचारत आला, तर हे झाड दाखव.

तो उत्तरेकडचा, नवीनच आलाय. म्हणाला, "कौन आनेवाला है, आजी?"

मी म्हटलं, "कोणी न्हाई रे. आपलं सांगून ठेवलं."