ड्रायव्हर महाराज

घनश्याम ड्रायव्हरला देवाचं बोलावणं आलं ते चालू गाडीत. आणि खोटं कशाला बोला, त्या वेळी सगळ्यांना वाटलं, त्याला लघवीला लागली. ढाणकीहून माहूरला जाणारी दुपारची एस.टी. फुलसावंगी सोडून टेकडीच्या वळणाला लागली, तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला. बाया म्हणाल्या, होऊ द्या बापा, तोही माणूसच आहे. बराच वेळ झाला तरी हा पठ्ठ्या येईना, तेव्हा कंडक्टर उतरून बघतो तर घनश्याम पायवाटेनं टेकडी चढतोय. हाक मारली तर वळून एवढंच म्हणाला, "दुसरा डायवर बोलवा. मले बोलावणं आलं." भर उन्हात भरलेली गाडी आणि ड्रायव्हर देवाकडे! लोकांनी त्याला त्या दिवशी जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याचं म्हणणं असं, की स्टेअरिंगवर हात असताना कानाशी कोणीतरी बोललं, 'घनश्याम, पुरे झालं. ये आता.' घरच्या माणसानं ताटावर बोलवावं तसं, साधं. टेकडीवर दत्ताचा लहानसा मठ होता आणि मठात एक म्हातारे बाबाजी. त्यांनी काही विचारपूस केली नाही. भाकर दिली, झोपायला जागा दिली, आणि पुढच्या दत्तजयंतीला भगवी छाटी दिली. सरकारी पगार गेला, पेन्शन गेली. ढाणकीत जो तो म्हणायचा, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागणारा असा येडा पाहिला नाही.

त्याची बायको मैनाबाई काही मुळूमुळू रडत बसणारी नव्हती. ती थेट मठावर गेली आणि बाबाजींसकट दोघांना फैलावर घेतलं. "देवाले तुमीच सापडले काय? ढाणकीत रिकामटेकडे काय कमी हायेत? संसार असलेलाच माणूस पायजे काय त्याले?" घनश्याम डोळे मिटून बसला होता आणि गालात हसत होता. त्या हसण्यानं ती जास्त पेटली. हसतो कसा हा माणूस? पण त्या हसण्यापुढं तिचं काही चाललं नाही. ती खाली उतरली, गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं आणि अपेक्षाला, म्हणजे एकुलत्या एका लेकीला, वाढवलं.

पहिलं वर्ष घनश्याम खरोखर सुखात होता. आवाज पुन्हा आला नव्हता, पण त्याची ऊब अंगात होती. मग बाबाजी गेले. गावकऱ्यांनी मिळून घनश्यामला गादीवर बसवलं, आणि ज्याला एकटं बसून देव ऐकायचा होता त्याच्यापुढं दर गुरुवारी रांग लागायला लागली. कोणाची सून माहेरी गेलेली, कोणाच्या पोराला दारू लागलेली. हा अंगारा द्यायचा, 'होईल, देव आहे' म्हणायचा. काहींचं व्हायचंही. मग ते नारळ घेऊन परत यायचे, आणि रांग आणखी लांबायची.

आणि आत? आत काही नाही. ध्यानाला बसला की गुडघे दुखायचे, गाडीचे गिअर आठवायचे. ऊब कधी गेली तेही त्याला कळलं नाही. त्यानं उपास केले, मौन धरलं, देवासमोर डोकं आपटलं, एकदा तर देवाला आईवरून शिवीही दिली. वरून हूं नाही की चूं नाही. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका सकाळी अंगारा चाळताना त्याच्या मनात आलं, की त्या दिवशी डबल ड्युटी होती, वैशाखाचं ऊन होतं, आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आवाज कसला, झापड आली असेल! झापडीपायी त्यानं बायकोपोरीला वाऱ्यावर सोडलं होतं. त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

हे बोलणार कोणाशी? महाराजाला महाराज नसतो. शेवटी एकदा मठाच्या विहिरीवरची मोटर बिघडली आणि फुलसावंगीचा गफ्फार मेकॅनिक दुरुस्तीला आला. एस.टी.च्या दिवसांपासूनचा दोस्त, ढाब्यावर एका कपात चहा प्यालेला. घनश्यामनं त्याच्यापुढं सगळं ओकलं.

गफ्फारनं हात पुसले. "मले धरमाचं काही समजत नाही, महाराज."

"महाराज नको म्हणू बे!"

"मंग घनश्याम, घरी जा ना यार. तुही बायको हाय, घर हाय. इथं कायले मरून राह्यला?"

इतकं सोपं होतं! घनश्यामला हसूही आलं आणि रडूही. दुसऱ्याच दिवशी त्यानं छाटी सोडून पिशवीत कोंबली, गफ्फारचा तेलकट शर्ट-पॅन्ट चढवला, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि ढाणकीची गाडी धरली. सगळ्यात मागच्या सीटवर बसला. भाकरीचा वास, मैनेचं ओरडणं, आपल्या खाटेवर पडणं, यापलीकडे त्याला आता काही नको होतं. देवही नको होता.

शाळेची खिचडी उरकून मैनाबाई नुकतीच घरी आली होती. दारातल्या माणसाला ती 'कोण पायजे' म्हणणार, तोच त्यानं रुमाल काढला. तिनं त्याला हाताला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

"कोनी पाह्यलं काय तुमाले येतानी?"

"नाई."

"बसा. जेवले काय?"

तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. तो जेवत गेला आणि त्याचं नाक-डोळे वाहत गेले. ठेच्यानं म्हणा नाहीतर कशानं म्हणा. ती पुढ्यात बसून आणखी वाढत राहिली. त्याला वाटलं, पोचलो आपण.

"मैना, मी आलो परत. आता जात नाई."

तिचा हात थांबला. "काहून?"

"तिथं काई नाई वो. मले काई आयकू येत नाई. देव बोलतच नाई. इतके वर्सं मी नुसता बसून राह्यलो. तो आवाजही खरा होता का नाई, कोणाले ठाऊक."

मैनाबाईनं भाकरीची दुरडी बाजूला सरकवली. मग बोलली ती हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग मी तुमाले कोनाले देल्लं? तुमी मेले असते तं रडून मोकळी झाली असती. बाईमागं गेले असते तं शिव्या देऊन मोकळी झाली असती. देवानं नेलं म्हनून गप बसली. लोकाइनं इचारलं तं मान वर करून सांगतलं, माहा मालक देवाचा झाला. तेवढंच होतं माह्याजोळ. अन् आता तुमी म्हनता, देवानं घेतलंच नाई?"

"माहं चुकलं, मैना."

"चुकलं म्हनून भागते काय? मुकुटबनच्या सोयऱ्याइनं महाराजाची लेक म्हनून अपेक्षाले मांगून नेलं. तिच्या सासूनं देवघरात तुमचा फोटू ठेवला, रोज फूल वाह्यते. पोरगी पोटुशी हाय. उद्या तिले काय म्हनतीन? पळपुट्याची हाय म्हनतीन."

"चार दिवस बोलतीन, मंग चूप बसतीन लोक."

"तुमाले काय ठाऊक लोक? तुमी टेकडीवर राह्यता, लोकाइत मी राह्यते."

घनश्यामनं हातातला घास ताटात ठेवला. "मंग का करू मी? खोटा बसू तिथं जलमभर?"

"बसा," ती म्हणाली. "मी नाई काय बसली?"

तेवढ्यात शेजारच्या रुपीबाईनं बाहेरून आवाज दिला, "मैनाबाई, घरात कोन आलं वो?" मैनाबाईनं ओठावर बोट ठेवलं. त्याची पिशवी उपडी केली, छाटी झटकून त्याच्या अंगावर टाकली. "घाला." त्यानं मुकाट्यानं कपडे बदलले. तिनं सुपात ज्वारी भरली, त्याला दाराबाहेर उभं केलं आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महाराज आले वो माय! आपल्याच घरची भिक्षा मांगाले आले!"

पाहतापाहता बाया जमल्या. संन्याशानं बायकोच्या हातची भिक्षा घ्यावी, याच्याहून मोठं वैराग्य कोणतं? मैनाबाईनं त्याच्या पिशवीत ज्वारी ओतली आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या पावलांना तिचे ओले डोळे लागले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं, पण महाराज म्हणून ठेवावा की नवरा म्हणून, हे न कळून त्यानं तो ठेवलाच नाही.

रुपीबाई पुढं सरकली. "महाराज, माह्या लेकराचं, नयनचं दुखनं दोन वर्सांपासून जात नाई. रोज दिवा लावते. देव आयकते नं हो?"

घनश्यामनं मैनाबाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता.

"आयकते, माय," तो म्हणाला.

बायांनी हात जोडले. मैनाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ढसाढसा रडायला लागली, आणि बाया एकमेकींना म्हणाल्या, काय पुण्यवान बाई आहे.